पंखवाल्या घोड्याचं ग्रीक नाणं कोणत्या टांकसाळीतलं, हे कसं ओळखायचं?

आधी घोड्याच्या पोटाखाली बघा. तिथे वर्तुळ आणि त्याला खाली लोंबणारी बारीक दांडी, म्हणजे थेट लॉलीपॉप दिसला, तर नाणं कोरिंथ या ग्रीक शहराचं. हे 'कोप्पा' अक्षर. ग्रीक लिखाणातून ते मागे पडलं तरी कोरिंथकरांनी नाण्यावर जपलं. उलट्या व्हीसारखं लॅम्डा असेल तर ल्यूकास, अल्फा असेल तर बहुधा अँब्राकिया.

नुसत्या घोड्यावर जाऊ नका. ल्यूकास, अँब्राकिया या कोरिंथच्या वसाहती, आणि त्यांनी कोरिंथचाच छाप उचलला होता: एकीकडे पेगासस म्हणजे हा पंखवाला घोडा, दुसरीकडे शिरस्त्राण घातलेली अथेना देवी. अक्षर झिजलं असेल तर टॉर्च आडवा धरून बघा, उठाव दिसतो. घासूनपुसून लख्ख मात्र करू नका! वजनही करा, चांदीचा स्टेटर (हेच नाणं) साधारण ८.६ ग्रॅम भरतो.