आज वार कोणता?

सोनू,

शनिवारी त्या व्हेज-व्हेगन फूड फेस्टिव्हलला तू चवीपुरत्या मिळणाऱ्या कागदी वाट्या गोळा करत फिरत होतास आणि मध्येच विचारलंस, "आई, आपण मराठी लोक व्हेज की व्हेगन? आणि आजी गुरुवारी अंडं खात नाही पण शुक्रवारी खाते, हे कुठलं डाएट?" मागे रांग, पुढे स्टॉलवाला खोळंबलेला, मी म्हटलं लिहून सांगते. तर घे.

मराठी माणसं सगळी शाकाहारी वगैरे नाहीत रे, बरीचशी मासे-मटण आवडीने खातात, कोकणातल्या माणसाला मासे सोड म्हणून सांगून बघ एकदा. पण खाणारेही रोज खात नाहीत. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, शिवाय चतुर्थी, एकादशी आणि मग अख्खा श्रावण. म्हणून आपल्याकडे ताट वाढण्याआधी "तू व्हेज का?" विचारत नाहीत, "आज वार कोणता?" विचारतात. आजीचं डाएट ते हेच. आणि सोडायचं तर आधी पोटभर खाऊन घ्यायचं! श्रावण लागायच्या आधी आषाढ अमावस्येला मटणाच्या दुकानापुढे रांगा, तिला गटारी म्हणतात. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद करणारी घरंसुद्धा काही कमी नाहीत, त्यांची आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते, कांदाभजी, भरली वांगी, कांद्याचं थालीपीठ, सगळं एकाच दिवशी. (माझा सगळ्यात आवडता सण, खोटं कशाला बोलू.)

व्हेगनचं तसं नाही, त्यांना वार नसतो. हा शब्दच 1944 चा, इंग्लंडमधले डोनाल्ड वॉटसन आणि त्यांची मित्रमंडळी, शाकाहारी तर होतेच पण दूध-अंडीही खायची नाहीत असं म्हणणारे. त्यांचा प्रश्न असा की हे प्राण्याकडून घेतलंय का, घेतलं असेल तर नको, मधसुद्धा नको. आता आपलं पंचामृत घे, दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातली एकटी साखर पास झाली तर झाली! आपल्या मनात दूध म्हणजे सात्त्विक आणि अंड्यात जीव, म्हणून भारतात पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध बसतं, अंडं बसत नाही.

पण गंमत म्हणजे कुणी व्हेगन न म्हणता आपण कितीतरी व्हेगन खातो. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, अळूवडी, सोलकढी, यात दुधाचा थेंब नाही, सोलकढीतलं पांढरं ते नारळाचं दूध. तो फणसाचा बर्गर तुला इतका आवडला आणि तू म्हणालास "अगदी चिकनसारखं लागतंय", तेव्हा मला हसूच आलं, कारण कोकणात कोवळ्या फणसाची भाजी लोक पिढ्यान्‌पिढ्या खातायत आणि ती कशासारखी लागते असं कुणी विचारत नाही, ती फणसासारखी लागते. काजूचं चीज मात्र मला काही झेपलं नाही. तुपाऐवजी खोबरेल तेल सोडलेली पुरणपोळी खाल्ली, वाईट नव्हती, पण दुसरी घेतली नाही हेही तू बघितलंसच.

साबुदाणा वड्यावर व्हेगनची चिठ्ठी बघून तू म्हणालास हा तर उपवासाचा. दोन्ही बरोबर, तळणीत तूप नव्हतं म्हणून. पण उपवासाला आपले तांदूळ, गहू, ज्वारी चालत नाहीत आणि साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची चालतात, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले पाहुणे! का, ते मला विचारू नकोस, आजीला विचार, ती म्हणेल "चालतं म्हणजे चालतं."

आणि तू गाडीत विचारलंस की मग वासराचं काय, दूध तर त्याचं. हे ऐकून मी गप्प बसले होते. आमच्याकडे म्हणायचे वासराचं पिऊन झालं की मग आपलं, पण मोठ्या डेअऱ्यांत तसं होत नाही, त्यामुळे तिथे व्हेगनवाल्यांचं म्हणणं मला पटतं. दिवाळीच्या सुरुवातीला वसुबारस असते ना, गाय-वासराची पूजा, त्या दिवशी बऱ्याच घरांत बायका दूध, तूप, ताक काही घेत नाहीत, गहू-मूगही नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सोडतात. म्हणजे वर्षातला एक दिवस का होईना, दूध वासराचं.

यंदा करू या का आपणही? बाजरीचं पीठ आहे घरात. ताजी गवार मिळाली तर शिरा तू काढायच्या.

तुझी आई