ऑस्कीची आखणी : वाचकांच्या शंका

प्रश्न : 60 विद्यार्थ्यांची ऑस्की (वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ठरावीक वेळाने एकेका स्थानकावर जाऊन तेथील काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) एका दिवसात आटोपायची आहे. स्थानके किती ठेवावीत? प्रत्येक ठिकाणी दोन परीक्षक हवेत का?

उत्तर : दहा स्थानके, प्रत्येकी 6 मिनिटे आणि पुढे सरकायला 1 मिनिट धरल्यास एक फेरी 70 मिनिटांत पुरी होते. एकसारख्या स्थानकांच्या दोन रांगा समांतर चालवल्या, तर एका फेरीत 20 विद्यार्थी होतात आणि तीन फेऱ्यांना साडेतीन तास लागतात. मात्र फेऱ्यांच्या मध्ये रुग्णांना विसावा द्यायला आणि साहित्य पुन्हा मांडायला जो वेळ लागतो, तोच वेळापत्रकात हमखास राहून जातो. एक्स-रे किंवा ईसीजी पाहून उत्तर लिहायचे असेल, तेथे परीक्षक लागत नाही. परीक्षकांची जोडी बसवण्यापेक्षा तेच मनुष्यबळ जादा स्थानकांकडे वळवावे, कारण पोट उत्तम तपासणारा विद्यार्थी मज्जासंस्थेच्या तपासणीत अडखळू शकतो आणि हा चढउतार दोन परीक्षकांमधील मतभेदाहून बहुधा मोठा असतो. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून ही पद्धत मांडली, तीही एखाद्याच रुग्णावर आणि परीक्षकाच्या कलावर निकाल ठरू नये म्हणूनच.

प्रश्न : रक्तदाब मोजण्याच्या स्थानकाची चेकलिस्ट 25 मुद्द्यांची झाली आहे. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. इतकी लांब यादी असली की परीक्षक खुणा करत बसतो आणि विद्यार्थ्याचा हात पाहायचा राहतो. ज्यांवाचून मापनच चुकते ते मुद्दे ठेवावेत : योग्य मापाचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा), हृदयाच्या पातळीवर टेकवलेला दंड, स्टेथोस्कोप लावण्याआधी नाडीवरून घेतलेला सिस्टॉलिक (वरच्या) दाबाचा अंदाज आणि सेकंदाला 2 ते 3 मिमी या गतीने उतरवलेला पारा. याशिवाय परीक्षकाने ‘उत्तीर्ण, काठावर, अनुत्तीर्ण’ असा एकंदर अभिप्राय स्वतंत्रपणे नोंदवावा. अंतर्गत परीक्षेत काठावरच्या विद्यार्थ्यांच्या चेकलिस्टमधील गुणांची सरासरी ही त्या स्थानकाची उत्तीर्णतेची मर्यादा धरता येते.

प्रश्न : खरे रुग्ण घ्यावेत की अभिनय करणारे?

उत्तर : इतिहास घेणे (रुग्णाला विचारून आजाराची माहिती मिळवणे) आणि समुपदेशन यांसाठी प्रशिक्षित अभिनेता बरा, कारण तो प्रत्येकाला विचारल्यावर तीच माहिती देतो. हृदयातील मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) किंवा वाढलेली प्लीहा मात्र अभिनयाने दाखवता येत नाही; तेथे खरा रुग्ण घ्यावा. अशा रुग्णाची आधी संमती घ्यावी, फेरीगणिक बदलायला दुसरा रुग्ण राखीव ठेवावा आणि दुखरे पोट परीक्षेला ठेवूच नये.