कुमसाराला जाऊन आलं की पाप संपतं का?

वेंगुर्ल्याकडचे तुमचे ख्रिस्ती शेजारी ईस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, जाऊन येतात. फादरच्या कानात सांगितलं की पाप पुसलं, ही पळवाट नव्हे का, असं तुम्ही विचारलंय. आणि देवाने सोडवलंच असेल तर त्यांच्याच घरात आजारपण का, त्यांचीच होडी का बुडाली, हेही.

आधी कुमसार. छापील मराठीत त्याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात. (प्रोटेस्टंट मंडळी बहुधा थेट देवापुढे कबुली देतात; इथे सांगतोय ते कॅथलिकांचं.) समजा, एकाने रातोरात शेजाऱ्याच्या हद्दीचा गडगा हातभर सरकवला. त्याने आधी आपलं मन तपासायचं, केल्याचा खेद धरायचा, पुन्हा न करण्याचं ठरवायचं आणि मग फादरना सांगायचं. तेही नेमकं: काय केलं, आणि पाप गंभीर असेल तर किती वेळा. ‘माणूस आहे, चुकतो’ एवढ्यावर भागत नाही. ‘त्यानेच आधी माझा फणस तोडला’ हे तर शेजाऱ्याचं पाप सांगणं झालं. एखादं गंभीर पाप मुद्दाम दडवलं तर सगळंच कुमसार फुकट जातं. फादर प्रायश्चित्त नेमून देतात, क्षमेचे शब्द उच्चारतात. ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, अगदी कोर्टातही.

आणि गडगा? तो जागेवर न्यावाच लागतो. शेजारी वारला असेल तर वारसांचा हिशेब चुकवायचा. खोटी आळ घेतली असेल तर जिथे घेतली तिथे जाऊन खरं सांगायचं, आणि हे जमीन परत करण्याहून जड जातं. लाटलेलं सोडायची तयारीच नसेल तर खेद खोटा, मग क्षमा कशाची? देवाशी तुटलेलं जुळतं ते ख्रिस्ताच्या क्रुसामुळे, आपण फेडलं म्हणून नव्हे. पण फेड चुकत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय जकातदार येशू घरी येताच म्हणतो, ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत देतो.

आता दुःख. होडी उलटली की ‘कुणाचं पाप भोवलं’ अशी कुजबुज किनाऱ्यावर होतेच. येशूच्या काळीही होत होती. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली; ती इतरांहून जास्त पापी होती असं वाटतं का, असं विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटलं, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करा म्हणून बजावलं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापांचं? उत्तर: दोघांचंही नाही. तेव्हा बाप्तिस्मा घेतला की वादळ चुकतं, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणतच नाही. ती म्हणते, देव स्वतः त्या दुःखात उतरला आणि ते वाया जाऊ देणार नाही. मेलेल्या लाजरला उठवायला निघालेला येशूही त्याच्या थडग्याकडे जाताना आधी रडला. म्हणून मयताच्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळं होऊ नये. गप्प बसून राहिलेलं बरं.

पुनरुत्थानानंतर येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते, तेच त्याने थोमा या शिष्याला दाखवले. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: झालेलं पुसलं जात नाही, त्याचा अर्थ पालटतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री शेजाऱ्यांबरोबर चर्चला जा. दिवे मालवलेले असतात, बाहेर विस्तव पेटवतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात आणि बहुधा धूपाचे पाच खडे खोचतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. मग ती त्या विस्तवावर पेटवतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या लागतात. पुढच्या स्तोत्रात आदामाच्या पापाला चक्क ‘धन्य अपराध’ म्हटलंय, कारण त्यापायी असा तारणारा लाभला. विधी लांबतो, जेवून जा. ख्रिस्तप्रसादाची (कम्युनियनची) रांग लागेल तेव्हा मात्र जागेवरच बसा, कुणाला वावगं वाटत नाही.