स्किल आपोआप सुधारायचं असेल तर आधी टेस्ट लिही

स्किल म्हणजे एआय असिस्टंटला एखादं काम कसं करायचं ते सांगणाऱ्या सूचना; त्या स्किल.एमडी (SKILL.md) या फाइलमध्ये असतात. ती फाइल लिहायला लगेच बसू नकोस. आधी दहा-बारा अशी कामं निवड, ज्यांचं उत्तर बरोबर की चूक हे प्रोग्रामच ठरवू शकेल. समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याचं बिलिंग आहे. माल हुबळीला, म्हणजे कर्नाटकातच पोचवायचा तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, पण अगदी जवळच्या, तरी महाराष्ट्रात असलेल्या शिनोळीला पोचवायचा तर आयजीएसटी. तिथला जीएसटीचा राज्य कोड 27, आपला 29. पत्त्यात ‘बेळगावजवळ’ दिसलं की असिस्टंट फसू शकतो, म्हणून ही जोडी टेस्टमध्ये हवीच.

टेस्ट पडल्यावर नुसतं ‘फेल’ कळून उपयोग नाही. इनपुट, अपेक्षित आकडा, आलेला आकडा, एरर, सगळं लॉगमध्ये जाऊ दे. तो लॉग असिस्टंटमागच्या एआय मॉडेलला देऊन स्किलमध्ये एकच बदल सुचवायला सांग, तो गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) वेगळा कमिट कर, म्हणजे स्वतंत्र नोंदव, आणि प्रत्येक काम तीनदा चालव, कारण उत्तर दरवेळी सारखं येत नाही. तीन-चार कामं मात्र मॉडेलपासून लपवून ठेव. त्यांच्यावर गुण घसरले तर बदल सरळ मागे घे. याचा अर्थ स्किलने फक्त दिसलेली उत्तरं पाठ केलीत.

टेस्टच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी मॉडेलला मुळीच देऊ नकोस. नाहीतर स्किल सुधारायचं सोडून टेस्टच सैल केली जाते.

आणि स्किलच्या वर्णनाकडे नीट लक्ष दे. सुरुवातीला असिस्टंटला स्किलचं नाव आणि वर्णन एवढंच दिसतं. त्यात ‘बिल’, ‘जीएसटी’ हे शब्द नसतील तर आतले नियम कितीही चोख असोत, स्किल उघडलंच जाणार नाही.