डेको स्टॉपवर (खोल स्कूबा डाइव्हनंतर वर येताना, शरीरात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून पाण्यात घेतलेला थांबा) हातपाय किती हलवायचे?
6 मीटरवर दोरी धरून नुसता लटकून राहू नकोस. स्नायूंत रक्त खेळतं राहिलं की नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. म्हणून घोटे फिरव, फिन्स संथ हलव, बस्स. धाप लागली म्हणजे जास्त झालं. 100 टक्के ऑक्सिजनवर असशील तर श्रम अजिबात नकोत, झटके येण्याचा धोका वाढतो. तळाशी हिशेब उलटा: तिथे जोर लावलास की वायू जास्त शिरतो. थंडीचंही बघ, कुडकुडत डेको केलास तर शरीर वायू हळू सोडतं. आणि वर आल्यावर जोडटाक्या पाठीवर घेऊन शिडी चढायची हौस कशाला? (बरेच जण तिथेच माती खातात.) जोर पडला की शरीरात वायूचे बुडबुडे वाढतात. टाक्या पाण्यातच काढून बोटीवर दे. जिम दुसऱ्या दिवशी, तीही हलकी.