तानपुरा स्वतःच्या हाताने लाव

भुसावळ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र आणि सोबत पाठवलेले यमनचे ध्वनिमुद्रण मिळाले. पत्र दोनदा वाचले, ध्वनिमुद्रण पाच वेळा ऐकले. संगीत विशारद झाल्यावर रावेर सोडून पुण्याला जावे का, घराणे कोणते धरावे, दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत उतरावे का, की वडील म्हणतात त्याप्रमाणे बी.एड. करून शाळेत लागावे, असे तू विचारले आहेस. ज्याविषयी पत्रात एक अक्षरही नाही, ते मात्र मला पहिल्याच मिनिटात ऐकू आले. मागे मोबाइलमधला तानपुरा वाजतो आहे आणि तुझा गांधार, म्हणजे ग, पेटीचा आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस, माझाही तसाच होता. पेटीत सप्तकाचे बारा भाग सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार किंचित चढा लागतो. खरजाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नेमकी लागली की तिच्यातून न छेडता जो गांधार उमटतो, तो त्याहून थोडा उतरलेला असतो, आणि यमनचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर गांधार असल्यामुळे हा थोडासा फरक साऱ्या रागभर जाणवत राहतो. मोबाइलमधला तानपुराही सुरेल असतो हे मी मान्य करतो, पण तो आयता सुरेल असतो. खुंटी पिळताना, सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी केसभर सरकवताना, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली जव्हारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा पुढेमागे करताना बेसूर तार सुरात येईपर्यंतची सगळी वाट कानाला चालावी लागते आणि कान त्या वाटेवरच तयार होतो. म्हणून सांगतो, तानपुरा स्वतःच्या हाताने लाव.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहत असताना वाद्ये स्वतः दुरुस्त करीत. एवढ्या मोठ्या गवयाला ते काम हलके वाटले नाही. ज्या रागांत पंचम नाही त्यांपैकी मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमावर आणि मारव्यासाठी निषादावर का न्यायची, हे तू परीक्षेत बरोबर लिहिले असशील, परंतु ती तार तू स्वतः कधी नेली आहेस का? आपल्या भागात तर हे शिक्षण दुप्पट मिळते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की लाकूड सुकून खुंट्या घसरतात, त्यांना खडू लावावा लागतो, आणि पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून हलत नाहीत. लागलेली तार अर्ध्या तासात उतरते. तिच्यामागे पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि मी त्यालाच रियाज म्हणतो.

आता माझे सांगतो, कारण तू ते विचारले आहेस आणि मी आजवर कोणाला नीट सांगितलेले नाही. तेविसाव्या वर्षी मी पुण्यात एका गुरूंकडे राहिलो होतो. आठ महिने त्यांनी मला पहाटे उठून दोन तानपुरे लावायला सांगितले आणि लागले की मान हलवून ते पुन्हा उतरवायला लावले. बंदिश एकही दिली नाही. मी घरी परतलो. वडील रेल्वेतून निवृत्त झाले होते, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती आणि भुसावळच्या शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघाली होती. ती नोकरी मी धरली यात चूक झाली असे मी आजही मानत नाही, घर उभे राहिले ते तिच्यामुळेच. पण नोकरी मिळाली नसती तरी मी परत आलो असतो, हे मला ठाऊक आहे. मला तानपुरे लावण्याचा कंटाळा आला होता. पुढे एकोणतीस वर्षे मी पेटीवर मुले परीक्षेला बसवली, त्यांतली बहुतेक पहिल्या श्रेणीत आली, आणि त्या सगळ्यांचा गांधार तुझ्यासारखाच आहे. बावन्नाव्या वर्षी मिरजेहून तानपुरा आणला, तेव्हा कुठे त्या आठ महिन्यांत मला काय दिले जात होते हे कळले.

म्हणून घराण्याचा प्रश्न आज मला फार पुढचा वाटतो. कान तयार नसताना किराणा आणि जयपूर यांतून निवड करणे म्हणजे केळीचे कंद लावण्याआधीच घडाचा भाव करणे आहे. स्पर्धेला जायचे असेल तर जा, त्याने गाणे बिघडत नाही आणि सुधारतही नाही. बी.एड. जरूर कर. नोकरी करून गाता येत नाही असे जे लोक सांगतात, त्यांचा मला राग येतो; नोकरीने माझे गाणे नेले नाही, ते मी आधीच पुण्यात ठेवून आलो होतो. पुण्याला जायचे ठरलेच, तर जे गुरू पहिले सहा महिने तुझ्याकडून तानपुराच लावून घेतील त्यांच्याकडे जा आणि माझ्यासारखी निघून येऊ नकोस. शाळेत लागलीस तर पहिल्या पगारातून तानपुऱ्यासाठी पैसे बाजूला काढायला लाग.

तोवर माझा तानपुरा आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये, मोबाइल पिशवीत ठेव. काळी पाच या तुझ्या पट्टीला बसतील अशा तारा मी चढवून ठेवतो, पण खुंट्यांना हात लावणार नाही. दुपारच्या जेवणापर्यंत चारही तारा लागल्या नाहीत तरी चालेल. भरीत-भाकरी घरी आहे आणि संध्याकाळपर्यंत मला दुसरे काही काम नाही.