तिसऱ्या घंटेच्या आधी

ठाणे

अनेक आशीर्वाद.

नाटकातल्या त्रासदायक गोष्टींबद्दल प्रेक्षकांना आधी द्यायच्या तुझ्या सूचनेचा मसुदा वाचला. 'काही प्रसंग संवेदनशील प्रेक्षकांना विचलित करू शकतात' हे वाक्य आधी खोड. फिट येणाऱ्याला वाटेल शिव्याबिव्या असतील, आणि ज्याच्या घरात नुकतीच आत्महत्या झाली आहे त्याला वाटेल मारामारी असेल. सूचनेत नावं घ्यायची असतात: स्ट्रोब (झपाझप लुकलुकणारा दिवा), धूर, गोळीचा आवाज, आत्महत्या, लैंगिक अत्याचार.

शरीराला त्रास देणाऱ्या गोष्टी वेगळ्या लिही, मनाला त्रास देणाऱ्या वेगळ्या. पहिल्या यादीत घासाघीस नाही. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा लुकलुकणारा उजेड प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला फिट आणू शकतो. अपस्माराच्या दर शंभरांत असे तीनेकच असतात, पण ते कोणत्या खुर्चीवर बसलेत ते तुला कळणार नाही. प्रकाशयोजनाकाराला वेग विचार, जमलं तर तिनाच्या खाली आणायला सांग. डोळे मिटून भागत नाही, पापणीतूनही उजेड जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय. तेवढं सूचनेत लिही.

धुराचं नुसतं 'धूर' लिहू नकोस. मशीनचा धूर ग्लायकॉलचा किंवा ग्लिसरीनचा असतो, तो हवेत तरंगत राहतो आणि दमेकऱ्याला खोकला लावतो. कोरड्या बर्फाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो; तो जड असल्याने जमिनीलगत घरंगळत पहिल्या रांगांकडे येतो. आणि इथल्या घाणेकर नाट्यगृहाच्या छोट्या मिनी थिएटरमध्ये जो धूर दाट वाटेल तो वाशीच्या मोठ्या भावे नाट्यगृहात विरून जाईल. म्हणून दर नाट्यगृहात नव्याने बघ.

निर्माता म्हणेल, परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आहे ना, मग हे कशाला? मंडळ संहिता वाचतं. स्ट्रोब संहितेत नसतो.

आता मनाची यादी. इथे 'रंगमंचावर दाखवलं आहे' आणि 'फक्त बोलण्यात येतं' हा फरक लिहायलाच हवा. रहस्य फुटण्याची तुझी भीती रास्त आहे, पण विषय सांगितल्याने ते फुटत नाही, पात्र सांगितल्याने फुटतं. 'आत्महत्येचा प्रसंग, रंगमंचावर' एवढं पुरे. कोण आणि का ते प्रेक्षकाला कळेलच. आत्महत्येची पद्धत मात्र सूचनेत कधीच लिहू नकोस. खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दे. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

सूचनेमुळे धक्का सौम्य होतो, असं कोणाला सांगू नकोस. २०२३ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा त्रास कमी होतो असं दिसलं नाही. उलट सुरुवातीची धाकधूक जरा वाढते. सूचना औषध नव्हे. तिकीट घेणाऱ्याला ठरवता यावं, आज नको, किंवा कडेची खुर्ची द्या, एवढंच तिचं काम. म्हणूनच ती प्लॅन उघडतो, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते, त्या दिवशी हवी. जाहिरातीत जागा महाग, तिथे चारच शब्द: 'स्ट्रोब, धूर, आत्महत्येचा प्रसंग'. पूर्ण यादी ऑनलाइन बुकिंगवर आणि तिकीट खिडकीशेजारी, चष्म्याशिवायही वाचता येईल अशा टायपात.

सगळ्यात जास्त घोळ कॉन्ट्रॅक्टच्या प्रयोगांना होतो. बँकेचे कर्मचारी, सोसायटीचा वर्धापनदिन: अख्खं नाट्यगृह एकगठ्ठा गेलेलं, त्यातल्या कोणी जाहिरात पाहिलेली नाही, सोबत आठ वर्षांची पोरं. त्यांच्या आयोजकाला यादी आगाऊ रकमेच्या पावतीबरोबरच पाठव, आणि ती पुढे वाटली का ते आठवडाभर आधी फोन करून विचार.

अनाउन्समेंट दुसऱ्या घंटेनंतर, दिवे चालू असताना. तिसरीनंतर अंधारात सांगितलंस तर मधल्या खुर्चीवरच्या माणसाने बारा जोड गुडघे ओलांडून जायचं कसं? तो बसून राहतो आणि निमूट सोसतो. भरभर उरकलेल्या, मोबाईल बंद ठेवण्याच्या विनंतीत हे कोंबू नकोस, वेगळं वाक्य कर.

डोअरकीपरला एक कागद दे. त्यावर त्रासदायक प्रसंगांची मिनिटं: 'दुसरा अंक सुरू झाल्यापासून २२व्या मिनिटाला, ४ मिनिटं.' बाहेर आलेल्याला तो सांगू शकेल, साहेब, पाच मिनिटांनी आत चला. नाहीतर ती व्यक्ती फॉयरमध्ये ताटकळते आणि घरी जाते. ही मिनिटं संहितेवरून काढू नकोस, रंगीत तालमीत घड्याळ लावून काढ. दिग्दर्शक पहिल्या पाच-सहा प्रयोगांत प्रसंग पुढे-मागे करतोच. बदल झाला की कागद बदलायचं काम नेमून दिलेल्या एकाच माणसाचं असू दे, शक्यतो रंगमंच व्यवस्थापकाचं.

नवा मसुदा मंगळवारपर्यंत पाठव. वयाची ओळ त्यात राहिली आहे.